यकृतपेशीत शिरणं वेगळं, तिथे वाढणं वेगळं

स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, आरोग्यावरचे छोटे व्हिडिओ आणि फॉरवर्ड होणारे मेसेज यांतून एक समजूत घट्ट होत चालली आहे. शब्द थोडेफार बदलतात, मतलब साधारण असा असतो: "जिवाणू पेशींच्या बाहेर वाढतात, पेशीच्या आत फक्त विषाणू. यकृत म्हणजे शरीराची गाळणी, रक्तातून तिथे आलेला जंतू मरतो. काही मोजक्या जंतूंच्या अंगावर किल्लीसारखं एक प्रथिन असतं, त्याने यकृतपेशीचं दार उघडतं आणि एकदा आत गेला की जंतू आपोआप वाढतो. उंदरांवर हे सिद्ध झालंय. ते प्रथिन अडवलं की आजार संपला."

यातलं पहिलं विधान चूक आहे, दुसरं अर्धं खरं आहे. किल्लीचं विधान दिशाभूल करतं आणि शेवटची दोन त्या दिशाभुलीतूनच आलेली आहेत. त्यामुळे खाली किल्लीवर जास्त वेळ घालवला आहे. उदाहरण एकच घेऊ, दूषित अन्नातून शरीरात येणारा लिस्टिरिया मोनोसायटोजेनिस हा जिवाणू. यकृतपेशीतला जिवाणू म्हणून याच्याइतका बारकाईने अभ्यासलेला दुसरा जंतू क्वचितच सापडेल. शिवाय त्याचं यकृताशी नातं नावापासूनचं आहे. 1926 मध्ये केंब्रिजमध्ये मरे, वेब आणि स्वान यांनी सशांमध्ये आणि गिनीपिगांमध्ये तो पाहिला. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत पिरी यांना तो जर्बिल या जंगली उंदरासारख्या प्राण्यात सापडला. जर्बिलांच्या यकृताची झालेली नासधूस पाहून त्यांनी नाव ठेवलं 'लिस्टेरेला हेपॅटोलिटिका', म्हणजे यकृत विरघळवणारा. आजचं नाव 1940 पासूनचं.

"जिवाणू पेशीबाहेर, विषाणू पेशीत"

हे फार लांबवण्याची गरज नाही. क्षयाचा जिवाणू मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्याच संरक्षक पेशींमध्ये, राहतो. कुष्ठरोगाचा जिवाणू पेशीबाहेर कृत्रिम माध्यमावर अजून कुणालाही वाढवता आलेला नाही. स्क्रब टायफसचा ओरिएन्शिया, ज्याची साथ 2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या विदर्भाने पाहिली, तोही पेशीच्या आतच वाढतो. टायफॉइडचा सॅल्मोनेला, लिजिओनेला, रिकेट्सिया, यादी मोठी आहे. विषाणूंना पेशीशिवाय गत्यंतर नसतं, हे खरं. पण त्यावरून पेशीची आतली जागा फक्त त्यांचीच, असं होत नाही.

उलट टोकाचं विधानही तितकंच चुकीचं ठरेल. लिस्टिरिया 'आतलाच' जंतू आहे असंही नाही. 2004 मध्ये उंदरांमध्ये दिसून आलं, की हाच जिवाणू पित्ताशयाच्या पोकळीत, पित्तामध्ये, पेशींच्या बाहेर भरपूर वाढतो. म्हणजे यकृतपेशीत तो आत वाढतो आणि तिथून जवळच असलेल्या पित्ताशयात बाहेर. 'आत की बाहेर' हा जंतूचा जन्मजात गुण नसून तो कुठे आहे आणि त्या वेळी त्याच्याकडे कोणती प्रथिनं तयार आहेत, यावर ते ठरतं.

"यकृत ही गाळणी, तिथे जंतू मरतात"

यातला खरा भाग आधी मान्य करू, कारण तो मोठा आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल शिरेतून येतं. वाटेत रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातले मॅक्रोफेज, बसलेल्या असतात. ऊतींमध्ये ठाण मांडून बसणाऱ्या सगळ्या मॅक्रोफेजांपैकी 80 ते 90 टक्के या एकट्या यकृतात असतात. उंदराच्या शिरेतून लिस्टिरिया दिला तर 10 मिनिटांच्या आत त्यातला निम्म्याहून जास्त भाग यकृतात अडकतो आणि पुढच्या काही तासांत त्यातले बहुतेक जिवाणू मारले जातात.

पण मारतं कोण? 'गाळणी' हा शब्द इथेच अपुरा पडतो. कुप्फर पेशी जिवाणूंना पकडून धरतात. मारण्याचं बरंचसं काम धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी करतात. न्यूट्रोफिल आधीच काढून टाकलेल्या उंदरांत काय होतं, हे 1990 च्या दशकात वारंवार पाहिलं गेलं. यकृतातली जिवाणूंची संख्या भरमसाट वाढते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती वाढ दिसते ती यकृताच्या मुख्य पेशींत, म्हणजे हेपॅटोसाइटमध्ये. यकृतातल्या पेशींपैकी साधारण 60 टक्के आणि आकारमानाने 80 टक्के याच पेशी असतात. कुप्फर पेशीसारखी जिवाणू पचवण्याची यंत्रणा त्यांच्याकडे नाही. पहिल्या फेरीतून जे थोडे जिवाणू वाचतात, त्यांना यकृत हे मरणाचं ठिकाण न राहता वाढण्याची जागा होते. उंदरांत पहिल्या दोन-तीन दिवसांत ही संख्या चढत जाते आणि टी-पेशी तयार होऊन आल्या की खाली येते.

तेव्हा 'यकृतात पोचला म्हणजे मेला' हे पहिल्या काही तासांपुरतं आणि बहुसंख्य जिवाणूंपुरतं खरं. आजार ठरतो तो उरलेल्यांवरून.

"किल्ली लावली, दार उघडलं, आत गेला की आपोआप वाढतो"

किल्लीची उपमा कुठून आली, ते बघू. 1991 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पास्काल कोसार यांच्या गटाने लिस्टिरियाच्या पृष्ठभागावरचं इंटरनॅलिन हे प्रथिन शोधलं. शेजारी-शेजारी दोन जनुकं होती. त्यांतून बनणाऱ्या प्रथिनांना आज इंटरनॅलिन-ए आणि इंटरनॅलिन-बी म्हणतात. ए हे प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिन या रेणूला चिकटतं आणि जिवाणू आत ओढला जातो. इथे किल्लीची उपमा बऱ्यापैकी बसते. 1995 मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशींवर दिसलं, की त्यांत शिरायला लिस्टिरियाला इंटरनॅलिन-बी लागतं. झालं, 'आतड्याची किल्ली ए, यकृताची किल्ली बी' असं सुटसुटीत वाक्य तयार झालं आणि ते तसंच फिरत राहिलं.

त्यानंतर जे घडलं ते या वाक्यात मावत नाही. 1996 मध्ये जिवंत उंदरांवरचे दोन अभ्यास आले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट होते. एकाने म्हटलं, ही जनुकजोडी काढली तर यकृतपेशींत शिरकाव घटतो. दुसऱ्याने म्हटलं, जिवंत उंदराच्या यकृतात शिरकाव करायला या जोडीची गरजच नाही. मग 1997 मध्ये या दुसऱ्या गटाने पुढचा निष्कर्ष मांडला: इंटरनॅलिन-बीमुळे उंदराच्या यकृतपेशींत लिस्टिरियाची वाढ जास्त होते. शिरकावाचा आणि वाढीचा हिशोब वेगळा धरायला हवा, हे इथे स्पष्ट झालं. किल्लीचं काम दार उघडल्यावर संपतं. हे प्रथिन मात्र दाराशी जे करतं, त्याचे परिणाम आत गेल्यावरही चालू राहतात.

ते कसं, हे समजायला इंटरनॅलिन-बी कशाला चिकटतं ते पाहावं लागेल. 2000 मध्ये उत्तर मिळालं: मेट नावाचा ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारा पेशीवरचा रेणू. यकृताचा तुकडा कापला तरी यकृत पुन्हा वाढतं, हे आपण ऐकलेलं असतं. त्या वाढीसाठी हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर नावाचा संदेश लागतो. 1984 मध्ये जपानमध्ये उंदरांवरच्या कामातून तो सापडला. मेट हा त्या संदेशाचा ग्राही आहे. म्हणजे लिस्टिरिया यकृतपेशीच्या ज्या भागाला हात लावतो, तो भाग 'वाढ, जग, मरू नकोस' असा निरोप आत पोचवण्यासाठीच बनलेला आहे. इंटरनॅलिन-बी मूळ संदेशाची जागा हिसकावून घेत नाही. ते मेटवर वेगळ्याच ठिकाणी बसतं आणि तरीही ग्राही चेतवतं. चेतवल्यावर पेशीच्या आत पीआय-3-कायनेज हे विकर कामाला लागतं. त्यामुळे पेशीच्या पटलाखालच्या ॲक्टिन तंतूंची रचना बदलून जिवाणू आत खेचला जातो. पण हाच मार्ग पेशीला आत्मघातापासूनही वाचवतो. मेट चेतवल्यावर यकृतपेशींचा फास नावाच्या मृत्यूच्या संदेशाने होणारा मृत्यू टळतो, हे 2002 पासून माहीत आहे. लिस्टिरियाबाबत याच धर्तीचा पुरावा 2022 मध्ये आला: तीव्र रोग करणाऱ्या वाणांचं इंटरनॅलिन-बी मेटमार्फत संसर्गित मोनोसाइटना (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) टी-पेशींच्या हल्ल्यातून वाचवतं आणि त्या पेशी जिवाणूंना घेऊन मेंदूपर्यंत पोचतात. हा प्रयोग मोनोसाइटवरचा आहे, तो यकृतपेशींवर जसाच्या तसा चिकटवू नये. पण 'प्रथिन म्हणजे फक्त दाराची किल्ली' हे म्हणणं खोडायला तो पुरेसा आहे.

अजून एक तपशील, जो किल्लीच्या चित्रात कधीच नसतो. इंटरनॅलिन-ए जिवाणूच्या भिंतीला रासायनिक बंधाने पक्कं जोडलेलं असतं. बी तसं नसतं. त्याच्या शेपटीकडचे तीन घटक भिंतीतल्या लायपोटायकोइक आम्लाला सैलसर धरून असतात. त्यामुळे त्यातलं काही सुटून आजूबाजूच्या द्रवात जातं आणि असं सुटं प्रथिनही मेटला चेतवू शकतं. किल्ली दाराबाहेर मोकळी फिरत असताना कुलूप उघडते, असं चित्र काढलं तर कुणाला पटेल?

शिरकाव आणि वाढ वेगळी मोजायची कशी

हा वाद शब्दांचा नाही, मोजणीचा आहे, म्हणून मोजणी जवळून पाहू. नेहमीची पद्धत जेंटामायसिन संरक्षण चाचणी. 24 खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात साधारण 2 लाख यकृतपेशी बसवायच्या, आदल्या दिवसापासून माध्यमात कोणतंही प्रतिजैविक नको. वाढीच्या ऐन भरातले जिवाणू एका पेशीमागे सुमारे 10 या प्रमाणात घालायचे. 37 डिग्री सेल्सिअसला 1 तास. मग कोमट बफरने तीन वेळा धुवायचं आणि दर मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम जेंटामायसिन घालून आणखी 1 तास ठेवायचं. हे औषध पेशीपटलातून सहज आत जात नाही, त्यामुळे बाहेरचे जिवाणू मरतात, आतले वाचतात. त्यानंतर जेंटामायसिन 10 मायक्रोग्रॅमवर आणायचं. ठरलेल्या तासाला 0.1 ते 0.2 टक्के ट्रायटन या साबणासारख्या द्रवाने पेशी फोडायच्या, दहा-दहा पटीने पातळ करत जायचं, ब्रेन हार्ट इन्फ्युजन अगरवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या.

खरी मेख 'ठरलेल्या तासात' आहे. समजा मूळ वाणाचे दुसऱ्या तासाला 1,000 जिवाणू आत आहेत आणि आठव्या तासाला 40,000. सहा तासांत 40 पट. दुसऱ्या एका वाणाचे दुसऱ्या तासाला 100 आणि आठव्याला 4,000. हीसुद्धा 40 पट वाढ आहे. या वाणाला शिरायला त्रास झाला, वाढायला नाही. तिसऱ्याचे दुसऱ्या तासाला 1,000, पण आठव्याला फक्त 8,000. हा आत गेला, पण पुरेसा वाढला नाही. ज्याने फक्त आठव्या तासाला मोजलं, त्याला दुसरा आणि तिसरा वाण सारखेच 'कमकुवत' दिसतील आणि तो दोघांनाही 'शिरकावाचा दोष' म्हणून मोकळा होईल. फिरणाऱ्या मेसेजमध्ये नेमकी हीच चूक होते.

दोन वेळा मोजलं तरी फसायला जागा आहेत. जेंटामायसिनची मात्रा जास्त ठेवली आणि वेळ लांबवला तर पेशी द्रव गिळताना ते औषधही थोडं-थोडं आत घेते आणि आतले जिवाणू मरू लागतात. आकडा पडतो, आणि तो पडला प्रतिजैविकामुळे. पेशी मरायला लागल्या तर त्यांचं पटल फाटतं, औषध आत शिरतं, पुन्हा तोच गोंधळ. इंटरनॅलिन-बीच्या बाबतीत हा मुद्दा कळीचा आहे. हे प्रथिन पेशीला जगवत असेल, तर ते नसलेल्या वाणाच्या खळग्यात पेशी लवकर मरतील आणि कमी आकड्याचा दोष जिवाणूच्या विभाजनावर जाईल, जरी त्याचा विभाजनाचा वेग तोच असला तरी. म्हणून शेजारच्या खळग्यांत ट्रिपॅन ब्लू या रंगाने मेलेल्या पेशी ओळखून मोजणं किंवा माध्यमात गळालेलं लॅक्टेट डिहायड्रोजनेज तपासणं टाळू नये. तिसरी अडचण धुण्यातली. सैल बसलेलं इंटरनॅलिन-बी जोरजोरात धुतल्याने गळू शकतं, मग मूळ वाणही हे प्रथिन नसलेल्या वाणासारखा वागायला लागतो. आणि जिवाणू 37 ऐवजी 25-30 अंशांवर रात्रभर वाढवले असतील तर निकाल वेगळाच येईल. त्याचं कारण पुढे येतंच.

जिवंत उंदराच्या यकृतातून मोजायचं तर काम आणखी नाजूक. आधी कॅल्शियम शोषून घेणारं द्रावण पोर्टल शिरेतून सोडायचं, म्हणजे पेशींमधले सांधे सुटतात. मग कॅल्शियमसह कोलॅजिनेज हे ऊती सैल करणारं विकर. पेशी सुट्या झाल्या की 50 जी इतक्या हलक्या वेगाने मिनिट-दोन मिनिटं सेंट्रिफ्यूज. जड हेपॅटोसाइट तळाशी बसतात, कुप्फर पेशी वरच्या द्रवात राहतात. ही विभागणी नीट झाली नाही तर 'यकृतपेशीतले' म्हणून मोजलेले जिवाणू प्रत्यक्षात कुप्फर पेशींतले असतात. आणि जिवंत यकृतात एक आडवाटही आहे: कुप्फर पेशीत असलेला जिवाणू शेजारच्या यकृतपेशीत थेट ढकलला जाऊ शकतो. त्यासाठी इंटरनॅलिन-बी आणि मेट यांच्या भेटीची गरज नाही. प्लेटमधल्या पेशींना ही सोय नसते. ज्या जनुकाशिवाय प्लेटमध्ये पान हलत नाही, त्याशिवाय प्राण्यात काम चालून जातं, ते अशा वाटांमुळे.

आत गेल्यावर 'आपोआप' काहीच होत नाही

'आपोआप वाढतो' हे शब्द सर्वांत सहज लिहिले जातात आणि सर्वांत कमी खरे आहेत. आत ओढलेला जिवाणू सुरुवातीला पटलाच्या पिशवीत कोंडलेला असतो. ती पिशवी आम्लधर्मी होत जाते आणि पुढे पाचक विकरांशी जोडली जाते. साधारण अर्ध्या तासात बाहेर पडला नाही तर तिथेच संपतो. बाहेर पडण्यासाठी लागतं लिस्टिरिओलायसिन-ओ, पटलाला भोक पाडणारं प्रथिन. हे पृष्ठभागावरचं नाही, जिवाणू ते बाहेर सोडतो. ते आम्लधर्मी पिशवीत, पीएच 5.5 ते 6 च्या आसपास, जोमाने काम करतं आणि पेशीद्रवाच्या जवळपास उदासीन पीएचला निकामी होतं. या बंधनामुळेच पिशवी फुटते, पण पेशी फुटत नाही. त्याच्या जागी दुसऱ्या जिवाणूचं तसंच, पण पेशीद्रवातही चालू राहणारं प्रथिन बसवलं, तेव्हा जिवाणू पिशवीबाहेर तर आला, पण त्याने यजमान पेशीच मारून टाकली. घर पाडून कुणी त्यात राहू शकत नाही. लिस्टिरियाची करामत विष जोरदार असण्यात नाही, ते योग्य वेळी बंद पडण्यात आहे.

पेशीद्रवात आल्यावर खायला काय? इथे दुसरं एक पटलावरचं प्रथिन येतं, हेक्सोज फॉस्फेटचा वाहक. यकृतपेशी ग्लायकोजेन साठवते आणि मोडते, त्यामुळे ग्लुकोज-6-फॉस्फेटसारख्या फॉस्फेट लागलेल्या शर्करा तिच्यात असतातच. लिस्टिरियाचा वाहक त्या थेट आत घेतो. 2002 मध्ये दाखवलं गेलं, की हा वाहक काढला तर पेशीद्रवातली वाढ मंदावते. 'पृष्ठभागावरची प्रथिनं जिवाणूला वाढायला मदत करतात' या वाक्याचा सर्वांत सरळ अर्थ या वाहकात आहे, पण किल्लीच्या आकर्षणात त्याचं नावही कुणी घेत नाही.

आणि मग ॲक्ट-ए. पेशीद्रवात आल्यावर या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं उत्पादन 200 पटींहून जास्त वाढतं. जिवाणूच्या एका टोकाकडे ते दाट असतं. तिथे ते यजमान पेशीचाच एआरपी-2/3 हा प्रथिनसंच कामाला लावतं, ॲक्टिनचे तंतू मागे साचत जातात आणि त्यांच्या रेट्याने एक-दोन मायक्रोमीटर लांबीचा जिवाणू पुढे सरकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो शेपटीवाल्या धूमकेतूसारखा दिसतो. ॲक्ट-ए लावलेले प्लास्टिकचे बारीक मणीही पेशीच्या अर्कात अशाच शेपट्या काढत फिरतात. म्हणजे रेटा देणारी सगळी सामग्री पेशीची, जिवाणूचं फक्त हे एक प्रथिन. असा धावणारा जिवाणू पेशीच्या कडेला धडकतो, बाहेर बोटासारखा फुगवटा काढतो आणि शेजारची यकृतपेशी तो फुगवटा गिळते. आता तो दुहेरी पटलात. ते फोडून पुन्हा पेशीद्रवात आणि पुन्हा सुरुवात.

ॲक्ट-ए नसलेला लिस्टिरिया बघितला की शिरणं, वाढणं आणि पसरणं ही तीन कामं डोळ्यांसमोर सुटी होतात. तो पेशीत शिरतो, पिशवीतून बाहेर पडतो, सुरुवातीला नेहमीच्या वेगाने, साधारण तासाला दुप्पट, वाढतोही. पण जिथल्या तिथे. एकाच यकृतपेशीत जिवाणूंचा गोळा जमतो आणि शेजारची पेशी मोकळी राहते. उंदरांमध्ये अशा वाणाचा घातकपणा हजार पटींच्या आसपास घटतो. दार उघडून आत वाढणारा जिवाणू, तरी रोग जवळजवळ नाही.

"उंदरांवर सिद्ध झालंय"

उंदरांवर सिद्ध झालेली गोष्ट उंदरांपुरती सिद्ध झालेली असते, आणि लिस्टिरियात हा फरक एका अमिनो आम्लाइतका बारीक आहे. माणसाच्या ई-कॅडहेरिनमध्ये सोळाव्या जागी प्रोलीन असतं, उंदराच्या ई-कॅडहेरिनमध्ये ग्लुटामिक आम्ल. या एका बदलामुळे इंटरनॅलिन-ए उंदराच्या रेणूला नीट धरू शकत नाही. हे 1999 मध्ये कळलं. म्हणजे तोंडावाटे संसर्ग देऊन साध्या उंदरात आतड्याची 'किल्ली' तपासायचा प्रयत्न केला तर ती निरुपयोगी दिसणार. गिनीपिग आणि सशात नेमकं उलटं: ए चालतं, पण बी त्यांच्या मेटवर चालत नाही. जर्बिलमध्ये माणसासारखी दोन्ही चालतात. पिरी यांना 1927 मध्ये हा जंतू ज्या प्राण्यात सापडला, त्याच गटातला जर्बिल 2008 मध्ये गर्भाच्या संसर्गाचा अभ्यास करायला योग्य प्राणी ठरला. त्यात दिसलं, की वार (प्लॅसेंटा) ओलांडायला ए आणि बी दोन्ही लागतात.

तेव्हा कुणी 'उंदरात सिद्ध झालं' म्हटलं की विचारावं: कोणतं प्रथिन, कोणता प्राणी, शिरेतून दिलं की तोंडावाटे? यकृतातला 1996-97 चा वाद शिरेतून दिलेल्या संसर्गाचा आहे. त्यात आतडं वगळलेलं आहे.

माणसातला पुरावाही आहे. 2004 च्या एका फ्रेंच अभ्यासात रुग्णांपासून मिळालेल्या वाणांपैकी 96 टक्क्यांत इंटरनॅलिन-ए पूर्ण लांबीचं होतं, अन्नातून मिळालेल्यांत 65 टक्क्यांत. उरलेल्यांत ते मध्येच तुटलेलं. तुटलेल्या प्रथिनाला भिंतीला जोडणारं टोकच नसतं, त्यामुळे ते पृष्ठभागावर टिकत नाही. अन्नात सापडलेला प्रत्येक लिस्टिरिया सारखाच धोकादायक नसतो, हे यातून कळतं. पण घरात बसून कोणता वाण आहे हे ओळखता येत नाही, त्यामुळे काळजी सगळ्यांबाबत सारखीच घ्यावी लागते.

"प्रथिन अडवलं की आजार संपला"

पृष्ठभागावरचं प्रथिन अडवायचा सरळ उपाय म्हणजे त्याविरुद्धची प्रतिपिंडं. ती रक्तात फिरतात. पण एका यकृतपेशीतून दुसरीत जाणारा जिवाणू रक्तात येतच नाही, प्रतिपिंडाशी त्याची गाठ पडणार कुठे? 1962 मध्ये मॅकॅनेस यांनी उंदरांवर हे तपासलं होतं. लिस्टिरियातून बऱ्या झालेल्या उंदराचा रक्तरस दुसऱ्याला दिला तर संरक्षण मिळत नाही, पेशी दिल्या तर मिळतं. संसर्गित पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी हेच इथलं हत्यार आहे. माणसांसाठी लिस्टिरियाची लस आजही बाजारात नाही. मेट अडवायचं म्हटलं, तर तो यकृताच्या स्वतःच्या दुरुस्तीचा ग्राही आहे, हे वर आलंच.

याच मेसेजच्या शेपटीला बऱ्याचदा 'यकृत धुऊन काढणारे' काढे आणि पाणी जोडलेलं असतं. वरचा सगळा मार्ग पाहिला तर असा काढा नेमका कुठे काम करेल, याला जागाच दिसत नाही. जंतू यकृतावर साचलेला मळ नाही, पेशीद्रवात तंतूंची शेपटी काढून फिरणारा जिवाणू आहे.

अडवायची खरी जागा तोंडाच्या आधी आहे. लिस्टिरिया 4 अंशांनाही हळूहळू वाढतो, म्हणजे फ्रीज त्याला मारत नाही. त्याचा प्रमुख नियंत्रक पीआरएफ-ए ज्या आरएनएवरून बनतो, तो आरएनएच तापमापकासारखा वागतो. 30 अंशांखाली तो घडी घालून बंद राहतो, 37 ला उलगडतो आणि मग इंटरनॅलिन, लिस्टिरिओलायसिन, ॲक्ट-ए यांचं उत्पादन जोर धरतं. प्रयोगातले जिवाणू 25 अंशांवर वाढवले तर निकाल बिघडतो, तो यामुळेच. थंड डब्यातल्या अन्नात तो संख्येने वाढत असतो आणि हत्यारं पोटात गेल्यावर काढतो. उष्णतेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही: 72 अंश आणि 15 सेकंदांचं पाश्चरायझेशन पुरतं. महाराष्ट्रात दूध घरी उकळूनच घेण्याची सवय याबाबतीत फार कामाची आहे आणि 'कच्चं दूध म्हणजे अमृत' म्हणून ती मोडायला सांगणारे व्हिडिओ गरोदर बायकांसाठी धोक्याचे आहेत. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये पोलोनी या शिजवलेल्या, पण थंडच खाल्ल्या जाणाऱ्या मांसपदार्थातून साथ आली. 1,060 रुग्ण, 216 मृत्यू, आणि रुग्णांत नवजात बाळं मोठ्या संख्येने. फ्रीज 5 अंशांखाली ठेवा, उघडलेलं तयार अन्न दिवसेंदिवस ठेवू नका, आणि गरोदर बाई, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसासाठी ते वाफाळेपर्यंत गरम करा.

संसर्ग झालाच तर उपचारात एक गोष्ट निर्णायक असते. मेंदूज्वराच्या संशयात सुरुवातीला हमखास दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं लिस्टिरियावर चालत नाहीत, कारण ज्या भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला त्यांनी धरायचं, त्याला ती पुरेशी धरतच नाहीत. म्हणून 50 वर्षांपुढच्या किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाला ॲम्पिसिलिन जोडावं लागतं, बऱ्याचदा सोबत जेंटामायसिन, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल. गरोदरपणात थंडी वाजून ताप आला आणि कारण सापडत नसेल, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवायला सांगावं आणि गेल्या काही आठवड्यांत कच्च्या दुधाचं चीज किंवा थंड मांस खाल्लं होतं का, हे डॉक्टरांनी विचारण्याआधी आपणच सांगावं.